दहशतवादी कोण, स्वातंत्र्यसैनिक कोण? तराजू एकच हवा

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एका मेसेजमध्ये आजच्या मुस्लिम तरुणांना सरसकट 'रझाकारांची औलाद' म्हटलेले असते. त्याला उत्तर म्हणून आपलीच काही मुले दुसरा मेसेज फिरवतात. त्यात कासिम रझवी हा कौमचा शेर असतो आणि रझाकार हे आपल्या हक्कासाठी लढणारे शहीद असतात. पहिला मेसेज पाठवणाऱ्याने इतिहास वाचलेला नसतो. दुसरा पाठवणाऱ्यानेही वाचलेला नसतो.

आम्ही साखरखेर्ड्यात राहतो. गाव बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे वऱ्हाडातले. पण मराठवाड्याची हद्द इथून फार दूर नाही, आणि जालना-परभणीकडे आपल्या लोकांच्या सोयरिकी आहेत. १९४८ साली हद्दीच्या अलीकडे हिंदुस्थान होता आणि पलीकडे निजामाची रियासत. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी फक्त पुस्तकातला नाही. वर्गात मुले सरळ विचारतात, 'चिमूरवाल्यांनी साहेब लोक मारले तर ते क्रांतिकारक, मग दुसऱ्याने मारले तर तो दहशतवादी कसा?' प्रश्न रास्त आहे. मुलाला गप्प बसवून तो संपत नाही. उलट, आपण उत्तर दिले नाही तर त्याला ते भलत्याच ठिकाणाहून मिळते. म्हणून हा विषय जरा नीट, पायरी-पायरीने समजून घेऊ या.

नाव कोण ठेवतो?

पहिली गोष्ट ही की 'बंडखोर', 'दरोडेखोर', 'दहशतवादी' ही नावे बहुतेक वेळा ज्याच्या हातात सत्ता असते तो ठेवतो, आणि सत्ता बदलली की नावही बदलते.

याचे पहिले उदाहरण आमच्याच शिवारात सापडते. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याजवळ निजामउल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. दिल्लीच्या बादशहाने दख्खनची सुभेदारी मुबारिझखानाला दिली होती. म्हणजे बादशाही कागदाप्रमाणे मुबारिझखान सरकारी माणूस आणि निजामउल्मुल्क बंडखोर. लढाईत मुबारिझखान मारला गेला आणि निजामउल्मुल्क जिंकला. पुढच्याच वर्षी त्याच बादशहाकडून त्याला सुभेदारी मिळाली, वर 'आसफजाह' हा किताबही मिळाला. हैदराबादच्या आसफजाही घराण्याची खरी सुरुवात या लढाईपासून धरतात. बंडखोराचा आसफजाह व्हायला एक वर्षही पुरले.

१८५७ ची गोष्ट तीच. इंग्रजांसाठी ते शिपायांचे बंड, जुन्या उर्दूत 'गदर', आणि आज आपल्यासाठी स्वातंत्र्याचा लढा, 'जंग-ए-आझादी'. सोलापुरात १९३० साली लोक रस्त्यावर आले, मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली. सरकारी दप्तरात ते खुनी होते. सोलापूरकर मात्र त्यांना आजही 'चार हुतात्मे' म्हणतात. साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, ते लोकांसाठी 'पत्री सरकार' आणि इंग्रजांसाठी गुन्हेगारांच्या टोळ्या.

आणि खुद्द 'रझाकार' हा शब्द घ्या. उर्दूत त्याचा साधा अर्थ स्वयंसेवक. पूर आला, रक्तदान शिबिर असले की मदतीला धावणाऱ्या माणसाला उर्दूत आजही रझाकारच म्हणतात. मराठीत मात्र हा शब्द शिवी झाला. शब्दाचा त्यात काही दोष नव्हता. ज्यांनी तो धारण केला त्यांच्या कामामुळे तो बदनाम झाला. म्हणजे नाव पवित्र असले म्हणून काम पवित्र होत नाही, आणि सरकारने शिवी दिली म्हणून काम वाईट ठरत नाही.

मग सगळा खेळ फक्त नावांचाच आहे का? 'तुमचा तो दहशतवादी, आमचा तो क्रांतिकारक' म्हणून विषय संपवायचा का? आमचे मत आहे, नाही. असे म्हणणे सोपे आहे, पण ज्याचे घर जळाले त्याच्यासमोर उभे राहून ते म्हणता येत नाही. नाव बाजूला ठेवून काम तपासता येते. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत. लढा कशासाठी होता आणि दुसरे दार उघडे होते का? हात कोणावर उचलला? आणि आपल्याच माणसाने चूक केली तेव्हा लढणारे काय म्हणाले?

पहिला प्रश्न: लढा कशासाठी?

हैदराबाद रियासतीत बहुसंख्य प्रजा हिंदू होती, पण प्रश्न धर्माचा नव्हता. प्रश्न हा होता की राज्यकारभारात प्रजेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, हक्क होता का? जबाबदार राज्यपद्धती नव्हती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस उभी राहते न राहते तोच तिच्यावर बंदी आली आणि ती काही वर्षे राहिली. सभा, वर्तमानपत्रे, संघटना यांवर बंधने. स्वामी रामानंद तीर्थांनी आधी सत्याग्रहाचा रस्ता धरला, तुरुंग भोगला. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान यांनी विलीनीकरण नाकारले. नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला. तरी रियासतीत रझाकारांचा जोर वाढतच गेला. तेव्हा हद्दीवर शिबिरे उभी राहिली आणि काही कार्यकर्त्यांनी शस्त्र हाती घेतले.

याचा अर्थ असा की या लढ्याचे मूळ कारण न्याय्य होते, आणि शांततेची दारे एकेक करून बंद झाल्यावर त्यातल्या काहींच्या हाती बंदूक आली. हे मान्य करायला मुसलमानाला संकोच वाटण्याचे कारण नाही. कारण हा लढा मुसलमानांविरुद्ध नव्हता, एका राजवटीविरुद्ध होता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांनी रझाकारांविरुद्ध उघड लिहिले. काही मुस्लिम मान्यवरांनी विलीनीकरणाच्या बाजूने काढलेले पत्रकही त्यांनी छापले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना रझाकारांनी त्यांना गाठले, गोळ्या घातल्या, ज्या हाताने लिहिले तो हात तोडला. उर्दूचे मोठे शायर मखदूम मोहिउद्दीन तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात होते. आपल्या मुलांना कासिम रझवीचे नाव माहीत आहे, शोएबुल्लाह खानांचे नाही. हा आपला तोटा आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. कारण न्याय्य असले म्हणजे पुढचे सगळे माफ होत नाही. चांगल्या कारणासाठी वाईट काम करता येते, आणि इतिहासात ते पुष्कळांनी केले आहे. म्हणून दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

दुसरा प्रश्न: हात कोणावर उचलला?

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. त्यांना किंग्जफोर्ड या मॅजिस्ट्रेटला मारायचे होते. मेल्या केनेडी कुटुंबातल्या दोन बायका, आई आणि मुलगी, ज्यांचा कशाशी संबंध नव्हता. खुदीराम शहीद आहेत, पण त्या दोघी बेकसूर होत्या हेही तितकेच खरे. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ सरकारी खजिना लुटताना अहमद अली नावाचा एक प्रवासी गोळी लागून मेला. त्याला मारण्याचा कोणाचाच इरादा नव्हता, तरी जीव गेलाच. याच खटल्यात अशफाकउल्ला खान आणि रामप्रसाद बिस्मिल फाशी गेले.

पुढे ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी असेंब्लीत बॉम्ब टाकले. ते मुद्दाम कमी ताकदीचे बनवले होते आणि माणसे नसलेल्या जागी टाकले. टाकल्यावर दोघे पळाले नाहीत, उभे राहून अटक करून घेतली. इथे फरक दिसतो. एका बाजूला, निरपराध मरू नये याची काळजी करणारा क्रांतिकारक. दुसऱ्या बाजूला, निरपराध मेला तरच लोक घाबरतील असा हिशेब करणारा माणूस. पहिल्याच्या हातून चूक होऊ शकते. दुसऱ्यासाठी ती चूक नसतेच, तोच त्याचा बेत असतो. 'दहशतवाद' या शब्दाला काही नेमका अर्थ असेल तर तो इथे आहे: सामान्य माणसाला ठरवून मारून बाकीच्यांच्या मनात दहशत बसवणे.

आता आपल्या विदर्भातले चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ ला, 'चले जाव'च्या त्या दिवसांत, तिथे पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा तरुण गेला. मग जमाव खवळला आणि त्याने उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि पोलिसांतील माणसे मारली. हे अधिकारी इंग्रजांचे नोकर होते, पण हिंदुस्थानी होते, कोणाचे तरी बाप होते. त्यांना तसे मारणे योग्य होते का? आम्हाला ते योग्य म्हणवत नाही. पण गोष्ट तिथे थांबत नाही. नंतर चिमुरात लष्कर आणि पोलीस आले. पुरुषांना धरून नेले आणि घरातल्या बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचा उपास केला. जमावाच्या हिंसेला सरकारने खून म्हटले, खटले चालवले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या. आपल्या फौजेने केले त्याला मात्र बंदोबस्त म्हटले. गणवेश घालून निरपराध बाईवर हात टाकला तर तीही दहशतच. तराजू तोच ठेवला तर हे म्हणावेच लागते.

आता हाच तराजू रझाकारांना लावू. त्यांनी गावे लुटली, खंडण्या घेतल्या, विरोधात लिहिणाऱ्या संपादकाला मारले. मे १९४८ मध्ये बिदरकडच्या गोरटा गावात हत्याकांड घडवले. तिथे मेलेले गावकरी कोणत्याही फौजेत नव्हते. त्यामुळे रझाकारांना स्वातंत्र्यसैनिक म्हणता येणार नाही. ते मुसलमान होते म्हणून नव्हे, तर त्यांनी निहत्थ्या रयतेवर हात उचलला म्हणून.

एक तारीख तर मनात कोरून ठेवण्यासारखी आहे. ३० जानेवारी १९४८. त्या दिवशी नांदेडकडच्या उमरी गावात हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी लढ्यासाठी बँक लुटली. निजामाच्या दप्तरी तो दरोडा, आजच्या मराठवाड्यात तो मुक्तिसंग्रामातला पराक्रम. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत एका मराठी माणसाने ७८ वर्षांच्या गांधीजींना प्रार्थनेला जाताना गोळ्या घातल्या. त्यानेही देशाचेच नाव घेतले. पहिला हात एका जुलमी राजवटीच्या तिजोरीवर पडला, दुसरा एका निहत्थ्या म्हाताऱ्या माणसावर. दोन्हीकडे 'देश' हाच शब्द आहे, पण दोन्ही कामे एका पारड्यात बसत नाहीत. त्यानंतर महाराष्ट्रात निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, तोही जुलूमच. मारणारा कोण्या जातीचा होता म्हणून त्या जातीतल्या शेजाऱ्याचे घर जाळायचे नसते. हे वाक्य मुसलमानापेक्षा जास्त कोणाला समजावे?

तिसरा प्रश्न: आपल्याच माणसांनी चूक केली तेव्हा?

४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणे पेटवले, २२ पोलीस मेले. जमाव गांधीजींच्याच आंदोलनातला होता. आंदोलन ऐन रंगात होते, तरी त्यांनी ते थांबवले. पुष्कळ पुढारी नाराज झाले, आजही काहींना तो निर्णय पटत नाही. पण आपल्या माणसांच्या हातून झालेले पाप आपले म्हणून स्वीकारणे, ही त्या चळवळीची ताकद होती.

१९४८ नंतर मात्र ही ताकद कमी पडली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा रियासतीत शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रियासत गेली, ते चांगलेच झाले. पण पुढच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांचा अंदाज होता की किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मेली. मेलेल्यांत रझाकार असतील, पण बहुतेक साधे शेतकरी, विणकर, दुकानदार होते. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. ज्या रझाकारांच्या जुलमाचा बदला म्हणून हे झाले, त्यांचा पुढारी कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. मेले ते इथे राहिलेले गरीब.

त्याच अहवालात दोन गोष्टी आणखी आहेत, त्या आपण नेहमी सांगितल्या पाहिजेत. एक, रझाकारांच्या जुलमाचीही त्यात नोंद आहे. दोन, कित्येक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, काहींनी गमावलाही. मुक्तिसंग्रामाचा खरा वारसा आम्ही या विणकरांकडे पाहतो. शोएबुल्लाह खान आणि हे अनाम विणकर एकाच रांगेत उभे आहेत. दोघेही आपल्याच बाजूच्या जुलमासमोर उभे राहिले.

जगात आणि आज

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. नेल्सन मंडेला २७ वर्षे तुरुंगात होते. सुटून राष्ट्राध्यक्ष झाले, नोबेल मिळाले, तरी अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून त्यांचे नाव २००८ मध्ये निघाले. २२ जुलै १९४६ ला जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात 'इर्गुन' या ज्यू संघटनेने स्फोट घडवला, ९१ माणसे मेली. तिचे प्रमुख मेनाखेम बेगिन पुढे इस्राएलचे पंतप्रधान झाले आणि त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. संयुक्त राष्ट्रांत दहशतवादाच्या सर्वसमावेशक कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये मांडला. तो अजून अडकलेला आहे, कारण व्याख्येवर एकमत नाही. कोणी म्हणते परकी कब्जाविरुद्धची लढाई त्यातून वगळा, कोणी म्हणते सरकारी फौजांचे कामही त्यात धरा.

मात्र युद्धाचा कायदा एका बाबतीत स्पष्ट आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जोडपत्राने वसाहतवाद, परकी कब्जा आणि वंशवादी राजवट यांविरुद्धचा लढा मान्य केला आहे. त्याच कागदाने लढणाऱ्या प्रत्येकावर अटही घातली आहे की सामान्य नागरिकाला निशाणा करायचे नाही. लढण्याचा हक्क एका हाताने दिला, पण त्या हक्काला हद्द घालून दिली. पॅलेस्टिनी जनतेचा स्वतःच्या भूमीचा हक्क आपण मांडतो, तो मांडलाच पाहिजे. पण गाझातले मूल असो की इस्राएलमधले, मुलाला मारणे कोणत्याही हक्कात बसत नाही. इथे आपली जीभ अडखळली तर आपल्या बाकीच्या बोलण्याचे वजन जाते.

आपल्या दीनने हे आपल्याला नवे शिकवायचे ठेवलेले नाही. एखाद्या कौमशी दुश्मनी असली तरी इन्साफ सोडू नका, ही ताकीद कुरआन शरीफात सूरह माइदामध्ये आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी फौज रवाना करताना बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका असे बजावले होते. हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ते १९४८ लाही लागू करायचे आणि आजच्या बातमीलाही.

मुंबईच्या मुसलमानांनी ते करून दाखवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या जामा मशिदीच्या ट्रस्टने साफ नकार दिला. नाव मुसलमानाचे असले तरी हे काम आमचे नाही, असा तो निरोप होता. कोणी सांगायची वाट त्यांनी पाहिली नाही.

पण तराजू एकच म्हटला की तो सरकारलाही लावावा लागतो. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पकडले तेही मुसलमान तरुण. त्यांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये कोर्टाने दोषमुक्त केले. मधली वर्षे 'दहशतवादी' हाच त्यांचा पत्ता होता. म्हणून कोणीही पकडला गेला, तो मुसलमान असो की हिंदू, कोर्टात शाबित होईपर्यंत त्याला आरोपीच म्हणायचे. आणि कोणी सुटला, तरी मेलेल्यांना कोणी मारले हा प्रश्न उभाच राहतो, तो विसरायचा नाही.

मुलांना काय सांगायचे?

आमच्या मते उत्तर एवढे आहे. 'हा आपला की त्यांचा' असे मुलाने विचारले तर त्याला उलट विचारावे की त्याने मारले कोणाला, आणि का? रझाकाराची शिवी कोणी दिली तर भांडू नये. शांतपणे शोएबुल्लाह खानांचे नाव सांगावे, सोलापूरच्या कुर्बान हुसेन यांचे सांगावे, अशफाकउल्लांचे सांगावे. आणि रझवीचा गौरव करणारा मेसेज घरच्या ग्रुपवर आला तर तो पुढे न पाठवता, पाठवणाऱ्याला प्रेमाने समजवावे. तो आपलाच भाचा, पुतण्या असतो.

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा लागतो तेव्हा आपल्या तिकडच्या नातेवाइकांनी बिनधास्त हजर राहावे. तो दिवस एका राजवटीपासून सुटकेचा आहे आणि त्या सुटकेत मुसलमानाचेही रक्त आहे. त्याच दिवशी, नंतरच्या कत्तलीत गेलेल्यांसाठी दुआही करावी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. ज्याच्या मनात दोन्हींना जागा आहे, त्याला कोणी रझाकार म्हणो की गद्दार, फरक पडत नाही.